कांटा काय सांगतो?

१९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईंत भूमिगत काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. ४२.३४ मीटरांवरून त्याचें ध्वनिक्षेपण होत असे. पोलिसांच्या हातीं लागूं नये म्हणून उषा मेहता व त्यांचे सहकारी आपला प्रक्षेपक चौपाटी, गिरगांव, वाळकेश्वर असा घरोघर हलवीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं छापा पडला. यंत्रांतून लहरी बाहेर पडत आहेत, एवढेंच यंत्राजवळचा मापक सांगूं शकतो. त्या कोणाच्या कानीं पडल्या, हें त्याला ठाऊक नसतें. ऐकणारांत देशभक्त होते, तसे पोलिसही होते.

४२.३४ मीटरांची ती लहर हौशी नभोवाणीकारांच्या आजच्या ‘चाळीस मीटर’ पट्ट्यांतच मोडते. दादर-परळच्या एखाद्या गच्चीवर तार ताणून, हातीं नेण्याजोगें यंत्र घेऊन बसलेल्या परवानाधारक हौशी माणसालाही तोच धडा शिकावा लागतो. नवशिक्याची फसगत होते ती अशी, कीं पुष्कळ यंत्रांत एकच कांटा दोन निराळ्या गोष्टी सांगतो. ऐकतांना तो दुसऱ्याकडून आलेल्या लहरींचें बळ ‘एस’ १ ते ९ अशा घरांत दाखवितो. बोलण्याची कळ दाबतांच तोच कांटा आपण बाहेर टाकीत असलेली शक्ति वॅटमध्यें दाखवूं लागतो.

या दोन मापांतील नातें ध्यानीं ठेवण्यासारखें आहे. ‘एस’चें एक घर चढण्यास चौपट शक्ति लागते. म्हणजे ५ वॅटचे २० वॅट केले, तरी पलीकडच्याचा कांटा एकच घर पुढें सरकतो. प्रत्येक यंत्र हा नियम काटेकोरपणें पाळतेंच असें मात्र नाहीं.

तिसरें माप ‘एसडब्ल्यूआर’चें. तें १ असेल तर शक्ति परत येत नाहीं. ३ असेल तर चौथा हिस्सा तारेकडून माघारीं फिरतो. पण १ हा आंकडाही विजयाची खूण नव्हे. शक्ति नुसत्या उष्णतेंत घालविणारा रोधही तोच आंकडा दाखवितो. चौथें माप बॅटरीच्या व्होल्टचें. तें बोलत असतांना पाहावें. स्वस्थ बसलेली बॅटरी भरलेली भासते, भार पडला म्हणजेच तिची खरी स्थिति कळते.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहरांत अनेक ठिकाणीं वीज गेली, दूरध्वनि मुके झाले. अशा रात्रीं बॅटरी हीच पुंजी. तेव्हां २० वॅटवरून ५ वॅटवर उतरणारा शहाणा ठरतो. पलीकडे एक घर कमी होतें, पण बोलणें अधिक वेळ चालतें.

म्हणूनच जाणता हौशी संपर्क जुळतांच प्रथम विचारतो, “माझा आवाज कसा येतो?” कांट्यानें आपली बाजू सांगावी, निकाल पलीकडच्यानें द्यावा.