पाळीपूर्वीचे ते आठ दिवस



स्त्रियांच्या मासिक पाळीला आपल्या मराठींत नांवें कितीतरी आहेत. कोणी ‘अडचण’ म्हणतात, कोणी ‘दूर बसणें’ म्हणतात; लहान मुलांनीं विचारलें तर ‘कावळा शिवला’ असें सांगून वेळ मारून नेतात. परंतु पाळी येण्यापूर्वीचे जे सात-आठ दिवस, त्यांना आपल्या घरगुती बोलींत नांव नाहीं. ज्याला नांव नाहीं तें दुखणें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणि जिला तें होतें तिच्या वांट्याला ‘चिडकी’, ‘लहरी’, ‘आळशी’ अशीं विशेषणें मात्र येतात.

पाळीपूर्वी अंग जड होणें, छाती दुखणें, मन हळवें होणें हा अनुभव पुष्कळ स्त्रियांचा आहे, व त्याला आजार म्हणण्याचें कारण नाहीं. येथें सांगावयाचा प्रकार निराळा. शंभरांतील सुमारें दोन ते सहा स्त्रियांना ह्या दिवसांत इतकी खिन्नता, धास्ती किंवा संताप येतो, कीं काम आणि घर दोन्हीं विसकटतात. पाळी सुरू झाली कीं थोड्याच दिवसांत मळभ उतरतें. हें येणें-जाणें हीच ह्या विकाराची खूण होय.

१९३१ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट फ्रँक ह्यांनीं ह्या विकारावर लेख लिहिला. अंगांत स्त्री-अंतःस्राव फाजील सांठतो, असा त्यांचा तर्क होता. १९९८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं हे स्राव अशा स्त्रियांतही इतरांइतकेच असतात. त्यांच्या नेहमींच्या चढउतारानेंच ह्या स्त्रियांचा मेंदू अधिक विचलित होतो. तेव्हां हा दोष मनोनिग्रहाचाही नव्हे आणि वळणाचाही नव्हे. २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथांत त्याला स्वतंत्र विकाराचें स्थान मिळालें आहे.

आतां नोकरीचा प्रश्न. बँकेंतील महिनाअखेरचे हिशेब, परिचारिकेची रात्रपाळी, न्यायालयांतील तारीख ह्यांपैकीं कोणीही हें पंचांग पाहत नाहीं. ह्या दिवसांत सर्वांत मोठा धोका चुकीच्या आंकड्याचा नसतो, चुकीच्या निर्णयाचा असतो. वरिष्ठांना खरमरीत पत्र जातें, राजीनामा लिहिला जातो, आणि आठ दिवसांनीं स्वच्छ मनानें तोच कागद वाचतांना तो दुसऱ्याच कोणी लिहिला असें वाटूं लागतें.

ह्यावर पहिला उपाय अगदीं साधा आहे : एक वही. रोज रात्रीं निजण्यापूर्वी झोप, चीड, रडूं, थकवा आणि कामांतील लक्ष ह्यांपुढें एक ते सहा असे गुण मांडावे, व पाळीची तारीख लिहावी. असें निदान दोन पाळ्यांपर्यंत करावें. मागाहून आठवून लिहूं नये. आठवण फसवी असते. डॉक्टरही निदानासाठीं हीच नोंद मागतात. त्रास महिनाभर सारखाच दिसला, तर कारण दुसरें असूं शकेल. कायमची खिन्नता, पंडुरोग किंवा थायरॉइडचा विकार ह्यांची मग तपासणी करावी लागते.

तीच वही कामाचीही आंखणी करून देते. हलवितां येईल तें जोखमीचें काम पुढच्या आठवड्यांत न्यावें. न हलणारें असेल तर तें दुसऱ्यांदां तपासून द्यावें. जमल्यास पाळी बदलून घ्यावी. रागाचें पत्र लिहावें, परंतु टपालांत टाकूं नये. राजीनाम्याचा विचार आठ दिवस राखून ठेवावा. नंतरही तो योग्य वाटला, तर खुशाल द्यावा.

नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप ह्यांनीं कांहींसा आराम पडतो. तीव्र विकाराला तेवढें पुरत नाहीं. सेरोटोनिनवर काम करणारीं औषधें ह्यांत बहुधा थोड्याच दिवसांत गुण देतात, आणि कित्येकींना तीं पाळीपूर्वीच्या पंधरवड्यांतच घेतलीं तरी पुरतात. गर्भप्रतिबंधक गोळ्यांपैकीं कांहीं आणि विचारांना वळण देणारी मानसोपचार-पद्धति ह्यांचाही उपयोग होतो. कोणतें औषध कोणाला, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावें. जगणें नकोसें वाटूं लागलें, तर पाळीची वाट पाहत एकटीनें बसूं नये. घरच्यांना सांगावें, डॉक्टर गांठावा. १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर अहोरात्र मदत मिळते.

बिहार सरकारनें १९९२ सालीं आपल्या स्त्री-नोकरांना महिन्यांतून दोन दिवसांची खास रजा दिली. ती पाळीच्या दिवसांसाठीं. पाळीपूर्वीच्या आठवड्याला कचेरींतही अजून नांव नाहीं. म्हणून विश्वासू वरिष्ठाला एवढेंच सांगावें : “मला दरमहा ठराविक दिवशीं येणारा एक विकार आहे, उपचार चालू आहेत, अमुक काम अमुक तारखेनंतर द्यावें.” ह्याहून अधिक खुलासा देण्याचें बंधन कोणावर नाहीं.

आणि घरांतील पुरुष-मंडळींना एक विनंति. ती चिडली कीं “तुझे ते दिवस आले वाटतें” असें म्हणून हंसूं नका. त्या दिवसांतही तिची तक्रार खरी असूं शकते. ती तक्रार वहींत टिपून ठेवा, आणि आठ दिवसांनीं तिच्याजवळ बसून पुन्हां ऐका.