खेकड्याच्या पिलांना स्निग्धांश किती आणि कोणता?
(बोदवड येथे शेततळेधारक शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि आपल्या भागात शेततळी वाढली. तळे झाले की त्यात मासे सोडावेत असे वाटते आणि मासे सोडले की खेकड्याचा विचार डोक्यात येतो. खेकड्याला शहरात चांगला भाव मिळतो, हे खरे आहे. त्यामुळे 'घरची शेंगदाण्याची ढेप आहे, तिच्यावर चिंबोरीची पिले वाढतील का?' असा प्रश्न आपल्यापैकी अनेकजण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर खेकड्याच्या खाद्यातील स्निग्धांशात दडलेले आहे. म्हणून आज त्याच विषयावर बोलणार आहे.

पिलांना स्निग्धांश का लागतो?

खेकड्याची वाढ गुराढोरांसारखी रोज थोडी थोडी होत नाही. अंगावरचे कवच टणक असते. ते टाकल्याशिवाय शरीर वाढत नाही. लहान पिले वरचेवर कात टाकतात. कात टाकण्याच्या आधी व नंतर काही काळ पिलू खात नाही. त्या दिवसांत लागणारी शक्ती यकृतासारख्या अवयवात साठवलेल्या स्निग्धांशातून मिळते. साठा अपुरा असला तर पिलू जुन्या कवचातच अडकून मरते, किंवा अशक्त राहते आणि मऊ अंगाचे असताना भाईबंदच त्याला खाऊन टाकतात.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची. माणसाचे शरीर कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते. खेकडा, कोळंबी या कवचधारी प्राण्यांना ते तयार करता येत नाही. कात टाकण्याचे संप्रेरक मात्र त्यापासूनच बनते. म्हणून कोलेस्टेरॉल खाद्यातूनच मिळावे लागते.

प्रमाण किती?

खाडीतील चिंबोरीच्या पिलांवर तैवान व फिलिपाईन्स येथे प्रयोग झाले आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपाईन्समधील प्रयोगात खाद्यात प्रथिने ३२ ते ४० टक्के आणि स्निग्धांश ६ किंवा १२ टक्के असताना पिले चांगली वाढली. म्हणजे १० किलो कोरड्या खाद्यात ६०० ते १२०० ग्रॅम स्निग्धांश झाला. तैवानमधील २००० सालच्या प्रयोगात कोलेस्टेरॉलची गरज सुमारे अर्धा टक्का, म्हणजे १० किलो खाद्यात ५० ग्रॅम आढळली. त्याहून फार जास्त दिल्यास फायदा होत नाही, उलट वाढ मंदावते.

कोणता स्निग्धांश?

येथेच आपल्या घरच्या ढेपेचे गणित चुकते. शेंगदाणा आणि सरकी ही आपली पिके. फुले प्रगती म्हणजे जेएल-२४ हे भुईमुगाचे वाण तर जळगावचेच. परंतु शेंगदाण्याच्या तेलात ओमेगा-३ प्रकारची आम्ले जवळजवळ नसतात आणि वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्य असते. 'मग जवसाचे तेल घालू' असे कोणी म्हणेल. जवसात ओमेगा-३ आहे, पण ते वनस्पतीतील साधे रूप आहे. खेकड्याला समुद्रातील माशांच्या तेलात असणारे लांब साखळीचे रूप लागते आणि जवसापासून ते पुरेसे बनवणे त्याला जमत नाही. म्हणून पिलांच्या खाद्यात मासळीची भुकटी, जवळा, माकूळ, माशांचे तेल अशा समुद्री वस्तू लागतात. सोयाबीन तेलापासून मिळणारे लेसिथिन स्निग्धांश पचवण्यास मदत करते, पण समुद्री तेलाची जागा घेत नाही. हे सर्व बोदवडला बाहेरून आणावे लागेल.

पाण्याचे काय?

खाद्य आणले तरी पाणी आणता येत नाही. चिंबोरी खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातील प्राणी आहे. तिची अंडी समुद्रात फुटतात आणि पिले अनेक अवस्थांतून जाऊन खाडीत येतात. म्हणूनच तिची बीजकेंद्रे किनाऱ्यावर आहेत आणि आपल्या राज्यात तिचे पालन सिंधुदुर्गासारख्या कांदळवनाच्या भागात होते. शेजारच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचे उदाहरण काहीजण देतात. मात्र विहिरीचे पाणी जिभेला खारे लागले म्हणून त्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे असेलच असे नाही. नाल्यातील आपला गोड्या पाण्यातील खेकडा वेगळा. त्याची मादी थोडीच पण मोठी अंडी पोटाशी बाळगते आणि त्यातून थेट लहान खेकडे बाहेर येतात. त्याचे बीज चिंबोरीसारखे लाखांनी मिळत नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, बोदवडच्या शेततळ्यात चिंबोरीवर पैसे घालू नका. कोणी बीज व हमीभाव देतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली, तर आधी तीन प्रश्न विचारा. पाण्याची क्षारता किती लागेल? पिलांच्या खाद्यात समुद्री स्निग्धांश किती आहे? आपल्यासारख्या गोड्या पाण्याच्या तळ्यातून निघालेला माल प्रत्यक्ष कोठे पाहायला मिळेल? समाधान झाले नाही तर पैसे खिशातच ठेवा.

आपल्या ढेपेचा खरा उपयोग

निराश होण्याचे कारण नाही. कटला, रोहू, मृगळ या माशांना वनस्पतीतील स्निग्धांश चालतो. कोलेस्टेरॉल ते स्वतः तयार करतात. त्यांच्या बोटुकल्यांना खाद्यात साधारण ५ ते ८ टक्के स्निग्धांश पुरे. मात्र ढेप घेताना ती कोणती हे विचारा. घाणीच्या ढेपेत साधारण ७ टक्के तेल उरते, तर कारखान्यात द्रावकाने तेल काढलेल्या ढेपेत जेमतेम १ टक्का. तेल न काढलेल्या भाताच्या बारीक कोंड्यात १२ टक्क्यांच्या आसपास तेल असते.

आता हिशेब करा. १० किलो खाद्यासाठी ५ किलो घाणीची ढेप व ५ किलो कोंडा घेतल्यास ३५० अधिक ६०० म्हणजे ९५० ग्रॅम, म्हणजेच साडेनऊ टक्के स्निग्धांश होतो. हा गरजेपेक्षा जास्त आहे. द्रावकाने तेल काढलेली ढेप ५ किलो व तोच कोंडा ५ किलो घेतल्यास ५० अधिक ६०० म्हणजे ६५० ग्रॅम, साडेसहा टक्के. हे प्रमाण योग्य असून अशा ढेपेत प्रथिनेही जास्त असतात. कोंडाही तेल काढलेला निघाला तर मात्र स्निग्धांश १ टक्क्यावर येतो आणि बोटुकल्या खुरटतात.

शेवटी साठवणीबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात कोंडा लवकर खवट होतो. तो पंधरा दिवसांपुरताच ताजा आणा आणि सावलीत, लाकडी फळीवर ठेवा. बुरशी आलेली शेंगदाणा ढेप वाळवूनही वापरू नका, तिच्यातील विष वाळवल्याने जात नाही. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते, म्हणून बोटुकल्यांना ती देऊ नका.

चिंबोरी कोकणच्या खाडीची आहे, ती तेथेच वाढू द्या. आपल्या तळ्यातले पाणी आणि आपल्या शिवारातली ढेप रोहू-कटल्याच्या कामी लावा.