येलहंक्याचे आकाश आणि आमचे भिंग
(मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस छायाचित्रणावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविले होते. गणेशोत्सवातील छायाचित्रांवर बोलावे असे प्रथम मनात आले. परंतु मंडळाच्या आवारात आम्हांस वारंवार विचारला जाणारा प्रश्न निराळाच आहे. 'येलहंक्याच्या विमानांसाठी कोणती लेन्स घ्यावी? आणि आहे त्याच लेन्सला टेलिकन्व्हर्टर जोडला, तर स्वस्तात भागणार नाही का?' येलहंक्याच्या वायुसेना तळावर १९९६ पासून दर दोन वर्षांनी एअरो इंडिया प्रदर्शन भरत आले आहे, आणि बंगळुरातील मराठी घरांतून मुलाबाळांसह, डबे बांधून तेथे जाण्याचा परिपाठही आता जुना झाला आहे. तेव्हा आज त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

उत्तरापूर्वी आमची फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २०११ च्या प्रदर्शनास आम्ही मोठ्या उमेदीने गेलो. जवळ ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स होती, आणि एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून आम्ही तिला दुप्पट शक्तीचा कन्व्हर्टर जोडला होता. ३०० चे ६०० झाले, या आनंदात आदली रात्र गेली. सकाळी सूर्यकिरण पथकाची किरण विमाने आकाशात आली आणि आमची लेन्स पुढेमागे घरघरत राहिली. फोकस काही केल्या धरेना. झाले होते ते असे. दुप्पट कन्व्हर्टर दोन स्टॉप प्रकाश खातो; म्हणून एफ ५.६ ची लेन्स एफ ११ ची होऊन बसते. त्या काळच्या आमच्या कॅमेऱ्याची स्वयंचलित फोकस-यंत्रणा एफ ५.६ च्या पलीकडे भरवशाची नव्हती. हाताने फोकस करू म्हटले, तर व्ह्यूफाइंडरही काळवंडलेला. कन्व्हर्टर काढून ठेवण्याचे भान आले, तोवर कार्यक्रम संपला होता. त्यानंतर किरण विमानांवरील ते पथक थांबविण्यात आले. पुढे हॉक विमानांवर सूर्यकिरण पुन्हा उभे राहिले. परंतु किरण विमानांची ती रचना येलहंक्याच्या आकाशात पुन्हा दिसली नाही. आमच्यापाशी तिची अठ्ठावीस धूसर चित्रे आहेत.

आता थोडे गणित मांडतो. पाढ्यांपलीकडचे त्यात काही नाही. संवेदकावर पडणारी प्रतिमा म्हणजे विमानाची लांबी गुणिले लेन्सचे नाभीय अंतर, भागिले विमानाचे आपल्यापासूनचे अंतर. तेजस सुमारे १३ मीटर लांब आहे. ते ५०० मीटरांवरून आडवे जात असेल, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा साडेदहा मिलिमीटरांच्या आसपास पडते. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे विमान चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराच्या संवेदकावर तीच प्रतिमा जवळजवळ निम्मी रुंदी व्यापते. एकट्या लढाऊ विमानासाठी ४०० ते ६०० ची ओढ का लागते, ते यावरून कळेल.

परंतु नऊ हॉक विमानांची रचना समोर आली की हिशेब उलटा फिरतो. ती साठ मीटर रुंद धरली, तर त्याच अंतरावरून २०० मिलिमीटरच्या लेन्सनेही चोवीस मिलिमीटरांची प्रतिमा होते. लहान संवेदकावर ती मावतच नाही. १५०-६०० च्या लेन्सला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावणाऱ्याचे झूम २१० पासून सुरू होते. टोकाची विमाने तो कापणारच. कॅननच्या आरएफ १००-५०० या लेन्सला कंपनीचाच कन्व्हर्टर लावला, तर झूम ३०० च्या अलीकडे येऊच शकत नाही, १.४ पटीने हाती राहते ते ४२० ते ७००. पक्षिनिरीक्षकास ते चालेल, विमानांच्या रचनेस कसे चालावे? कसरतीच्या वेळी विमाने एकत्र येतात, क्षणात फाकतात, पुन्हा समोरून एकमेकांवर येतात. तेथे लांब पल्ल्यापेक्षा झटकन मागे येता येणे अधिक मोलाचे असते, असे आमचे ठाम मत झाले आहे.

कन्व्हर्टर सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १.४ पटीचा एकच स्टॉप खातो. आजच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांपैकी बहुतेक एफ ८ ला सहज फोकस करतात, काही त्याहीपलीकडे. भर उन्हात एफ ८, आयएसओ ४०० आणि एक सोळाशेवा सेकंद हे माप बरोबर बसते. जेटसाठी तेवढा वेग पुरेसा आहे. अडचण निराळीच आहे. ऊन चढले, की धावपट्टीवरची हवा थरथरू लागते, आणि दूरचे, जमिनीलगतचे विमान पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखे हलते. कन्व्हर्टर ती थरथरही तितक्याच इमानाने मोठी करतो. हवा शांत असते सकाळी लवकर. तेव्हा हा एक स्टॉप नडतो. उरतो तो उंचावरच्या एकट्या विमानाचा प्रसंग, आणि तेथेही २४ मेगापिक्सेलचे चित्र १.४ पटीने कातरून घेतले, तर बारा मेगापिक्सेल शिल्लक राहतात. बारा बाय अठरा इंचांच्या छपाईस तेवढे पुष्कळ झाले.

म्हणून आमचा सल्ला असा. लहान संवेदकाचा कॅमेरा असेल, तर १००-४०० ची एकच चांगली लेन्स घ्यावी आणि कन्व्हर्टरचे पैसे राखून ठेवावेत. पूर्ण आकाराचा असेल, तर १५०-६०० किंवा २००-६०० कडे वळावे. मात्र तिचे वजन दोन किलोंच्या घरात असते, आणि ती दोनतीन तास डोक्यावर रोखून धरावयाची आहे, हे घरी पिशवी उचलून आधीच अजमावावे. ७०-३०० जवळ असेल, तर ती टाकाऊ समजू नये. रचना आणि सारंग पथकाची हेलिकॉप्टरे तिच्यात उत्तम मिळतात. हेलिकॉप्टरांसाठी शटरचा वेग दोनशेव्या सेकंदाच्याही खाली आणावा; नाहीतर पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर आकाशात टांगल्यासारखे दिसते. कन्व्हर्टर घ्यावयाचाच असेल, तर १.४ पटीचा, आणि आपल्या लेन्सला तो बसतो याची खात्री करून. कंपन्यांच्या अनेक कन्व्हर्टरांचे पुढचे भिंग बाहेर आलेले असते. ते प्रत्येक लेन्समध्ये शिरत नाही. महिन्याच्या पगारातून एवढी रक्कम काढणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. बंगळुरात लेन्स भाड्याने मिळतात. दोन दिवसांसाठी आणून पाहाव्यात.

आणि सराव करावा. त्यासाठी विमाने लागत नाहीत. आपल्या गच्चीवरून रोज सकाळी घारी दिसतात. गिरकी घेणारी घार सलग दहा चित्रांत चौकटीत धरता आली, की हॉकही धरता येते. आमच्या घरी या सरावापायी दूध दोनदा उतू गेले आहे.

वेळ झाल्याची घंटा ऐकू आली. मागच्या टेबलावर दोन लेन्स ठेवल्या आहेत. ज्यांना हाताळून पाहावयाच्या असतील त्यांनी पट्टा गळ्यात घालूनच उचलाव्यात. २०११ चा तो कन्व्हर्टरही तेथेच आहे.