पेटीचा माग आणि माणसाचा माग

(कामगार कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



सप्टेंबर २०२२ मध्ये अॅपल कंपनीने आयफोन १४ प्रो हा नवा फोन बाजारात आणला. अमेरिकेतील ज्या ग्राहकांनी तो घरबसल्या मागविला होता, त्यांच्या हाती फोन येण्याआधी एक आकडा आला. हा आकडा म्हणजे वाहतूक कंपनीचा ट्रॅकिंग क्रमांक. पेटीवर चिकटविलेल्या पट्टीवर तो छापलेला असतो. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा यंत्राने ती पट्टी वाचली जाते आणि स्थळ व वेळ यांची नोंद तत्क्षणी ग्राहकाला दिसू लागते. चीनमधील झेंगझोऊ, तेथून कधी दक्षिण कोरियातील इंचॉन, मग अलास्कातील अँकरेज, पुढे केंटकी राज्यातील लुईव्हिल आणि शेवटी ग्राहकाच्या गावातील गोदाम, असा हा प्रवास असतो. नवा फोन निघाला की हजारो माणसे दिवसातून अनेकदा या नोंदी तपासतात. काही उत्साही मंडळी तर पेटी ज्या विमानात असावी त्या विमानाचा क्रमांक हुडकून पॅसिफिक महासागरावरील त्याचा मार्गही नकाशावर न्याहाळतात.

या कुतूहलाला हसण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीसाठी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या कोकणातील घरांना वाट पाहणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. फरक इतकाच की, मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्याला पैसे पाठविणारा माणूस ठाऊक होता. फोनची वाट पाहणाऱ्याला पेटीचा ठावठिकाणा तासातासाने कळतो. पण ती भरणाऱ्या माणसाविषयी काहीही कळत नाही. नोंद सुरू होते ती पेटी बंद झाल्यावर. त्यापूर्वी जे काही घडले ते सारे या नोंदवहीच्या बाहेर राहते. मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथाच्या १८६७ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात दाखवून दिले होते की, बाजारात माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंमधील संबंधांचे रूप धारण करतात. त्याच्या काळी हा सिद्धांत समजावून घ्यावयास बुद्धीला ताण द्यावा लागे. आज तो ट्रॅकिंगच्या पडद्यावर डोळ्यांनी पाहता येतो.

प्रथम या प्रवासाचे अर्थशास्त्र पाहू गेल्यास असे दिसते की, चीनमधून अमेरिकेला बोटीने माल जावयास सुमारे महिना लागतो. तांदूळ, फर्निचर किंवा लोखंड यांना तो परवडतो. परंतु फोन ही आकाराने लहान, किमतीने भारी आणि वयाने अल्पायुषी अशी वस्तू आहे. महिनाभर समुद्रावर पडून राहिलेल्या मालात भांडवल अडकते, व्याज चढते आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याचा नवा माल बाजारात येतो. उलट एका मोठ्या ७४७ मालवाहू विमानात सुमारे दीड लाख फोन मावतात, त्यामुळे दर नगामागे विमानभाडे किरकोळ पडते. अँकरेजचा थांबाही अशाच हिशेबाने ठरलेला आहे. अर्ध्या वाटेवर इंधन घेता आले की विमानाला निघताना कमी इंधन लागते आणि वाचलेल्या वजनाएवढा जास्त माल घेता येतो.

या दृश्य मार्गावरही कामगार आहेतच. लुईव्हिल येथे यूपीएस कंपनीचे प्रचंड वर्गीकरण केंद्र आहे. तेथे मुख्य काम रात्री चालते. १९९८ पासून तेथील विद्यापीठाशी झालेल्या एका व्यवस्थेनुसार शेकडो विद्यार्थी रात्रपाळीत पेट्या हलवितात आणि त्या बदल्यात त्यांची शिक्षणशुल्के भरली जातात. ग्राहकाच्या पडद्यावर मात्र 'केंद्रातून रवाना' एवढीच ओळ उमटते. तरीही या कामगारांचे एक बळ आहे, ते म्हणजे संघटना. ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएसच्या सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी टीमस्टर्स संघटनेच्या नेतृत्वाखाली पंधरा दिवस संप केला. अर्धवेळ कामगारांच्या जिवावर चालणारा कारभार हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते आणि दहा हजार पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे आश्वासन त्यांनी पदरात पाडून घेतले. २०२३ मध्ये तर संपाच्या नुसत्या तयारीनेच नवा करार झाला. मार्गाच्या या टोकाला कामगाराचे नाव नसले तरी त्याचा आवाज आहे. दुसऱ्या टोकाला काय आहे?

दुसऱ्या टोकाला झेंगझोऊ आहे. हेनान प्रांतातील या शहरात तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीने २०१० मध्ये कारखाना उभारला. जमीन, वसतिगृहे, वीज आणि कामगारभरती या सर्व बाबतींत सरकारने तिला हात दिला. कारखान्याच्या दाराशीच जकातमुक्त क्षेत्र आणि सीमाशुल्क कचेरी आहे, म्हणजे माल दारातून बाहेर पडताच निर्यात झालेला असतो. ऐन हंगामात तेथे दिवसाला पाच लाख, म्हणजे मिनिटाला साडेतीनशे फोन तयार होऊ शकतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तात म्हटले होते. कामगारांची संख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या घरात जात असे. एका मध्यम शहराची वस्ती एका वस्तूच्या जुळणीला जुंपलेली असावी, असे हे दृश्य आहे.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस, नव्या फोनची मागणी शिगेला पोहोचली असताना, या कारखान्यात कोविडचा फैलाव झाला. उत्पादन थांबू नये म्हणून कामगारांना आवारातच कोंडून कामाला लावण्यात आले. जेवणाचे हाल झाले, आजारी आणि निरोगी यांना एकत्र ठेवले जात असल्याची भीती पसरली. तेव्हा हजारो कामगार कुंपणे ओलांडून, बोचकी पाठीवर घेऊन महामार्गांनी आणि शेतांतून आपापल्या गावांकडे चालत निघाले. वाटेतल्या लोकांनी त्यांच्यासाठी रस्त्याकडेला पाणी आणि खाणे ठेवले. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे चालत गेलेल्या मजुरांचे लोंढे ज्यांनी पाहिले, त्यांना हे चित्र परके वाटावयाचे नाही.

६ नोव्हेंबर रोजी अॅपलने निवेदन काढले. झेंगझोऊच्या कारखान्यात उत्पादन घटले असून ग्राहकांना नव्या फोनसाठी अधिक काळ वाट पाहावी लागेल, असा त्याचा आशय होता. रिकाम्या जागा भरण्यासाठी मोठ्या भत्त्यांची आमिषे दाखवून नवे कामगार आणण्यात आले. हे भत्ते ठरल्याप्रमाणे मिळणार नाहीत असे कळताच २२ आणि २३ नोव्हेंबरला त्यांचा उद्रेक झाला, पोलिसांशी चकमकी झडल्या. कंपनीने संगणकात 'तांत्रिक चूक' झाल्याचे सांगून क्षमा मागितली आणि जे नोकरी सोडून जातील त्यांना दहा हजार युआन देऊ केले.

आता या साऱ्या घटनेची ग्राहकाच्या पडद्यावर काय नोंद झाली? पोचण्याची तारीख काही आठवड्यांनी पुढे सरकली, एवढीच. कोंडलेली माणसे, चालणारी माणसे, लाठ्या खाणारी माणसे या सर्वांचे मिळून पडद्यावर एका शब्दात रूपांतर झाले आणि तो शब्द म्हणजे 'विलंब'. एरवी माल वेळेवर पोचतो तेव्हा कामगार अदृश्यच असतो. त्याने हात थांबविले तरच त्याचे अस्तित्व जाणवते आणि तेही ग्राहकाची गैरसोय म्हणून.

ज्याच्या हातांवर सारे अवलंबून आहे, त्याच्या पदरात किती पडते? क्रेमर, लिंडेन आणि डेड्रिक या संशोधकांनी २०१० च्या आयफोन ४ ची फोड २०११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे विक्रीमूल्यातील ५८.५ टक्के रक्कम अॅपलचा नफा होती आणि चीनमधील मजुरीचा वाटा १.८ टक्के होता. त्याआधी शिंग आणि डेटर्ट यांनी २००९ च्या आयफोनविषयी दाखविले होते की, प्रत्येक फोन चीनमधून निघताना १७८.९६ डॉलरची निर्यात म्हणून गणला जाई. पण त्यात चीनमधील जुळणीचे केवळ साडेसहा डॉलर होते. बाकीचे मोल जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांतून आलेल्या भागांचे होते. हे आकडे जुने आहेत आणि पुढील वर्षांत चीनमध्ये होणारे काम वाढले. परंतु त्यांतून मिळणारा धडा जुना झालेला नाही. वस्तू कोठून निघाली यावरून तिचे मोल कोणाकडे गेले हे कळत नाही. पेटी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. नफाही बहुतांशी तिच्यामागोमाग पश्चिमेकडेच जातो.

हा प्रश्न परदेशचा म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण पेटीच्या प्रवासाचा आरंभबिंदू आता भारतातही आला आहे. अमेरिकेने चिनी मालावर जबर आयातकर लादण्याची पावले उचलताच मार्च २०२५ पासून चेन्नईहून खास विमानांनी सुमारे ६०० टन, म्हणजे जवळजवळ १५ लाख आयफोन अमेरिकेला रवाना झाल्याचे वृत्त रॉयटर्सने एप्रिलमध्ये दिले. त्याच वृत्तात असेही होते की, चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क तपासणीला लागणारा ३० तासांचा वेळ ६ तासांवर आणण्यात आला. सरकारी यंत्रणा मनात आणले तर किती चपळ होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

याच यंत्रणेच्या चपळाईचा कामगाराला आलेला अनुभव काय सांगतो? डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या वेतनावरून कंत्राटी कामगारांचा संताप उसळून मोडतोड झाली. हजेरीच्या आणि वेतनाच्या व्यवस्थेत गंभीर त्रुटी होत्या, हे चौकशीत उघड झाले. पण मोडतोड झाल्यानंतर. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या कामगार स्त्रियांच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा होऊन दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडविला, तेव्हा कोठे वसतिगृहे आणि भोजनकक्ष ठरलेल्या दर्जाचे नव्हते असे अॅपलने मान्य केले. या दोन्ही ठिकाणी तक्रारी नव्हत्या असे नाही. त्या नोंदणारा पडदा नव्हता.

दरम्यान कायदे मात्र वेगाने बदलत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या विधानसभेनेही तसेच विधेयक संमत केले. कामगार संघटनांनी, सरकारच्या मित्रपक्षांनीसुद्धा, रान उठविल्यावर ते मागे घेत असल्याची घोषणा १ मे रोजी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा कायम राहील आणि कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे आश्वासन त्यासोबत आहे. ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपते, त्याची संमती कितपत मोकळी असते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. या कारखान्यांमुळे खेड्यातील तरुणींच्या हाती प्रथमच स्वतःची कमाई येते. ते बंद पडले तर त्यांचे काय? हा मुद्दा खरा आहे. हेनानच्या शेतकऱ्याच्या मुलाला आणि तमिळनाडूच्या शेतमजुराच्या मुलीला शेतीपेक्षा कारखान्यात अधिक मिळते. म्हणून व्यापार थांबवा, फोन घेऊ नका, असा उपदेश येथे करावयाचा नाही. परंतु नोकरी मिळाली म्हणून वेतन, विश्रांती आणि माणुसकी यांचा हिशेब मागण्याचा हक्क संपत नाही. लुईव्हिलच्या कामगारांनी संप केला म्हणून अमेरिकेतील पेट्या कायमच्या थांबल्या नाहीत.

खरा प्रश्न माग कोणाचा घ्यावयाचा हा आहे. प्रत्येक पेटीचा दर टप्प्याचा ठावठिकाणा ठेवणारे तंत्र उपलब्ध असताना, ती कोणत्या कारखान्यात, किती तासांच्या पाळीत, किती कायम आणि किती कंत्राटी कामगारांनी जुळविली, हे नोंदविणे तंत्राला अशक्य नाही. ते मालकाला गैरसोयीचे आहे. एप्रिल २०१३ मध्ये बांगलादेशातील राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यानंतर झालेल्या करारात मोठ्या कपडे-कंपन्यांना कारखान्यांची नावे आणि तपासणीचे अहवाल जाहीर करावे लागले आणि त्या कराराला कायदेशीर बंधन होते, कारण त्यावर कामगार संघटनांची सही होती. जर्मनीतही जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील मानवी हक्कांच्या पालनाची जबाबदारी टाकणारा कायदा आला. म्हणजे मागणी अवास्तव नाही.

भारतातील कामगार चळवळीने यापुढे तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निर्यात-कारखान्याने कंत्राटी कामगारांचे प्रमाण, पाळीचे तास आणि दिलेले वेतन दर तिमाहीस प्रसिद्ध करावे. वेतनाच्या तक्रारीची सुनावणी किती दिवसांत व्हावी याची मुदत, सीमाशुल्काच्या सहा तासांप्रमाणेच, ठरवून द्यावी. आणि या कारखान्यांत संघटना स्थापन करण्याचा हक्क कागदावर न राहता दारावर मान्य व्हावा. पहिल्या दोन मागण्या तिसरीवाचून टिकणार नाहीत, कारण प्रसिद्ध झालेला आकडा खरा की खोटा हे पाळीवर उभा असलेला कामगारच सांगू शकतो आणि तो एकटा असेल तर सांगणार नाही.