पहिलं पाऊल लहान असू द्या
(पांढरकवडा येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपलं पांढरकवडा राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. तरी बारावीनंतर आपली किती मुलं या रस्त्यानं शिकायला जातात? बुद्धी कमी नाही. वर्गात प्रश्न विचारायचा संकोच आहे, मराठी बोलताना कुणी हसेल ही भीती आहे, परक्या शहरात आपलं कोण, ही काळजी आहे.

नुसतं ‘हिंमत करा’ म्हटल्यानं ही भीती जात नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आम्ही नवा प्रोग्राम आधी थोड्या लोकांना वापरायला देतो, बिघाड शोधतो, दुरुस्त करतो, मग सगळ्यांना देतो. माणसाची सवयही अशीच बदलते.

अन्सार शेख यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. 2016 मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात 361वा क्रमांक, वय 21. त्यांच्या भावानं शाळा सोडून गॅरेजात काम केलं. पुण्यात मुसलमान म्हणून खोली मिळेना, तेव्हा मित्राचं नाव सांगावं लागलं, हे त्यांनीच निकालानंतर सांगितलं. आपण त्यांची हिंमत सांगतो. भावाचे कष्ट आणि खोलीची गोष्ट सोडून देतो. अडचण मुलाच्या मनातच असते असं नाही, ती शहरातही असते.

म्हणून कामं वाटून घेऊ.

विद्यार्थ्यांनो, या आठवड्यात वर्गात एक प्रश्न विचारा. पुढच्या महिन्यात यवतमाळला जाऊन आपला फॉर्म स्वतः भरा. सुट्टीत नागपुरात चार दिवस राहून एखादं कॉलेज, एखादी लायब्ररी पाहून या.

पालकांनो, मुलीला नाही म्हणण्याआधी तिच्यासोबत एकदा जा. हॉस्टेल बघा, तिथल्या बाईंशी बोला, मग ठरवा.

आणि आम्ही, जे आधी बाहेर पडलो. नव्या मुलाला स्टँडवरून घेणं, खोली शोधताना सोबत जाणं, पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत जेवणं, एवढं आपल्याला जमतं. परीक्षेत नापास झाला तरी फोन उचलायचा.

दारापाशी एक वही ठेवली आहे. नागपूर, पुणे, हैदराबादला राहणाऱ्यांनी जाताना तिच्यात आपलं नाव आणि नंबर लिहावा. ती वही इथल्या मुलांसाठी आहे.