भिंतीच्या पोटातला संसार

सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत, जेथे जाड भिंतींच्या पोटातच फडताळे, कोनाडे आणि धान्याची बळदे सामावलेली असत, तेथे स्वयंपाकघरातील पसाऱ्याचा बंदोबस्त घर बांधतानाच झालेला असे. आणि सांगलीलगतच्या हरिपुरात तर हळदीच्या राशी जमिनीखालच्या पेवांत विसावत, वर मात्र मोकळी जमीनच दिसे.

आज भिंती नऊ इंचांवर आल्या, आणि मिक्सर, टोस्टर, ओव्हन हा सारा सरंजाम ओट्यावर ठाण मांडून बसला. त्याकरिता ओट्याच्या कोपऱ्यात, ओट्याच्याच पातळीवर, सरकत्या दाराचे कपाट करावे, म्हणजे जड मिक्सर उचलण्याची यातायात न पडता तो नुसता पुढे ओढता येतो. विजेचे बटण हाताशी असावे. मात्र यंत्र चालताना दार उघडेच राहू द्यावे, आणि ओव्हन पुरता निवल्यावाचून ते लावू नये, कारण कोंडलेली उष्णता लाकूड व यंत्र या दोहोंसही अपायकारक ठरते.

कृष्णाकाठच्या रहिवाशांनी, २००५ व २०१९ चे महापूर स्मरून, ही तजवीज ओट्याखाली न करता वरच करावी, हे श्रेयस्कर.