कोणी केले, की कसे झाले?
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला अपघाताच्या चौकशीविषयी सांगणार आहोत. आगगाडी, विमान आणि बोट, तिन्हींचे अपघात होतात. मग चौकशी होते. ती कशी करतात, कशासाठी करतात, हे आज पाहू. पण सुरुवात करू आपल्या ओळखीच्या होडीपासून.

आम्ही एका खाडीकाठच्या गावी मास्तर होतो. बाजार पलीकडच्या तीरावर भरे. एका श्रावणात बाजाराची होडी धक्क्याजवळ उलटली. बाकीचे वाचले, पण एक म्हातारी बुडाली. सारा गाव नावाड्यावर तुटून पडला. कोणी म्हणाला, "तो प्यायला होता." कोणी म्हणाला, "त्याचं लक्षच नव्हतं." डोळ्यांनी पाहिले होते कोणी? कोणीच नाही!

नावाड्याला काढून टाका, असा अर्ज करायचे ठरले. गावात लिहिणारे आम्ही. अर्ज आम्हीच लिहिला. लोकांनी त्यावर अंगठे उठवले. नावाडी हात जोडून सांगत होता, "गुरुजी, खालून काहीतरी लागलं हो!" आम्ही ऐकून घेतले नाही. बिचारा बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला.

पुढच्या पावसाळ्यात नव्या नावाड्याची होडी त्याच जागी फुटली. या वेळी एक मुलगा गेला. तो आमच्याच शाळेतला होता. मग ओहोटीला चार माणसे चिखलात उतरली. जुन्या धक्क्याचा एक मोडका खांब तिथे रुतलेला होता. भरतीला तो पाण्याखाली जाई, दिसत नसे. तो उपटायला अर्धा दिवस लागला. फक्त अर्धा दिवस!

पहिल्याच वेळी कोणी खाली उतरून पाहिले असते, तर तो मुलगा वाचला असता. आम्ही विचारले, "कोणी केले?" विचारायला हवे होते, "कसे झाले?"

आता आगगाडीचे बघा. गाडीला अपघात होऊन प्रवासी दगावले, की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतो. हा अधिकारी रेल्वे खात्याच्या हाताखालचा नसतो. १९४१ सालीच हे काम रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून वेगळे केले. आज ते विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. असे का? मुलाने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासली तर चालेल का? तसेच हे. ज्याची गाडी, त्यानेच न्याय करू नये.

आयुक्त जागेवर येतो. रूळ मोजतो, चाके तपासतो, सिग्नल पाहतो. ड्रायव्हरला, गार्डला, स्टेशनमास्तरला विचारतो. वाचलेल्या प्रवाशांनाही विचारतो. मग आपला अहवाल लिहितो. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, तेही त्यात असते.

२२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ गाडी रुळांवरून घसरली. पन्नासच्या वर माणसे मेली. पावसाने दरडीचे दगड रुळांवर आले होते. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडच्या बाजूला करंजाडीजवळ पुन्हा तेच झाले. अशा वेळी ड्रायव्हरला शिव्या घालून काय होणार? धावती गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. दोष डोंगराच्या उतारात होता, पाण्याच्या वाटेत होता. म्हणून उतार कमी केले, दगड अडवायला जाळ्या लावल्या, पावसाळ्यात रुळांवर गस्त वाढवली. आज पावसाळ्यात कोकणात गाड्या हळू धावतात. त्यांचे वेळापत्रकही वेगळे असते. गाडीला वेळ लागला म्हणून आपण कुरकुरतो. त्या वेळेमागे किती माणसांचे प्राण गेले आहेत, ते आठवावे.

आता विमान. कॉमेट नावाचे एक विलायती विमान होते. १० जानेवारी १९५४ रोजी ते इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रात पडले. आतली ३५ माणसे गेली. आग लागली असेल, असा अंदाज बांधला. बऱ्याच दुरुस्त्या केल्या. खरे कारण सापडलेच नव्हते, तरी मार्चमध्ये विमाने पुन्हा सुरू केली. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ पडले. आणखी २१ माणसे गेली. मंडळी, आमच्या होडीची आठवण झाली ना? शहाण्या माणसांच्या हातूनही तीच चूक होते.

मग मात्र त्यांनी मुळाशी जायचे ठरवले. समुद्राच्या तळातून तुकडे वर काढले आणि जुळवून पाहिले. इंग्लंडात फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट मोठ्या टाकीत ठेवले आणि पाण्याने भरले. विमान उंच गेले की आतल्या हवेच्या दाबाने फुगते. खाली आले की पूर्ववत होते. तसाच दाब पाण्याने पुन्हा पुन्हा दिला. आधीची खरी उड्डाणे धरून सुमारे ३००० वेळा दाब बसल्यावर पत्रा फाटला! चीर एका चौकोनी भोकाच्या कोपऱ्याशी सुरू झाली होती. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्ही जाणता. तसाच पत्राही थकतो. पुढे विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल केले आणि पत्रा जाड केला. विमानात बसाल तेव्हा खिडकी नीट पाहा.

कॉमेटच्या चौकशीत डेव्हिड वॉरेन नावाचे ऑस्ट्रेलियाचे एक शास्त्रज्ञ होते. वैमानिकांचे शेवटचे बोलणे कळले असते तर, असे त्यांच्या मनात आले. त्यातून यंत्र निघाले. लोक त्याला काळी पेटी म्हणतात, पण रंग नारिंगी असतो. ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून!

आता समुद्र. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली. सहाशेवर माणसे गेली. कोकणात ते दुःख अजून विसरलेले नाहीत. बोट बुडाली की चौकशीत विचारतात, माणसे किती होती आणि वाचवायला साधने किती होती? १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली. तिच्यावर सुमारे २२०० माणसे होती. होड्यांत जागा होती ११७८ माणसांची. आणि तेव्हाच्या कायद्याला तेवढ्या होड्या पुरेशा होत्या! चौकशी झाली, तेव्हा कायदाच अपुरा ठरला. १९१४ साली अनेक देशांनी करार केला. बोटीवरच्या प्रत्येकाला होडीत जागा हवी, असे ठरले.

कोणी विचारील, "मग अपराध्याला सोडून द्यायचं का?" नाही. त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे. ते काम निराळे. विमानाच्या चौकशीचा तर सर्व देशांत एकच नियम आहे. चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी करायची, दोष वाटण्यासाठी नाही. कारण भ्यालेला माणूस खरे सांगत नाही. खरे दडले, की तो मोडका खांब पाण्याखालीच राहतो.

यात तुमचे-आमचे काम कोणते? अपघात झाला तर आधी माणसे वाचवा. पण मोडतोडीला उगाच हात लावू नका. तुकडे घरी नेऊ नका. जे पाहिले तेवढेच सांगा. ऐकलेले असेल, तर ऐकले म्हणून सांगा. रेल्वेच्या चौकशीची सूचना वर्तमानपत्रात येते. ज्याला माहिती असेल त्याने यावे, असे तिच्यात लिहिलेले असते. आता तुम्हाला ती वाचता येईल. वाचा, आणि जा. शेतकऱ्याची, गुराख्याची साक्षही मोलाची असते.

आणखी एक. उद्या कोणी तुमच्यापुढे असा अर्ज ठेवील. त्या वेळी गावाने अंगठे उठवले, कारण गावाला वाचता येत नव्हते. आम्हाला तर लिहिता-वाचता येत होते, तरी आम्ही चुकलो. तुम्ही आता सही कराल. सही करण्याआधी अर्ज वाचा. ज्याच्याविरुद्ध तो असेल, त्या माणसाला आधी विचारा, "बाबा रे, कसं झालं ते सांग." आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.